पदवीच्या वर्गातून स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाकडे

घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं, ओळखीच्या गल्लीत वाट चुकायला लागलं, की आसपासच्या लोकांना त्याबद्दल काय वाटतं? गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून याचा शोध घेतला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून निघालेलं उत्तर असं होतं: हे वयानं होणारच, त्यासाठी डॉक्टरकडे जायचं कारण नाही. पुढे २००८ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या काही कुटुंबांच्या घरी जाऊन मदत करणारे सल्लागार पाठवले होते. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा यावी, लिहिता-वाचता यावं आणि वृद्धांसाठी काम करण्याची मनापासून इच्छा असावी, एवढीच मुख्य अट होती, प्रशिक्षण आठवडाभराचं. सहा महिन्यांनी पाहिलं, तर मदत मिळालेल्या घरांत रुग्णाला सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं होतं आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्यांचा त्रासही कमी झाला होता.

या दोन अभ्यासांचं मोल कुठल्या महागड्या यंत्रात नाही. नेमका प्रश्न, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची तयारी आणि शिस्तीनं ठेवलेल्या नोंदी, यांवर ते उभे आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यानं हे मुद्दाम लक्षात घ्यावं. स्मृतिभ्रंशावरचं संशोधन म्हणजे मेंदूचे स्कॅन आणि उंदरांवरचे प्रयोग, आणि ते पीएच.डी.च्या पुढचं काम, असा समज महाविद्यालयांमध्ये घट्ट बसलेला आहे. तो खरा नाही. बी.एस्सी., एमबीबीएस आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या विषयात जागा आहे, तशीच ती बी.ए. मानसशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र आणि भाषाविज्ञान शिकणाऱ्यांनाही आहे. उलट मराठी मुलखापुरतं बोलायचं, तर सर्वांत मोठी पोकळी या दुसऱ्या गटाच्याच वाट्याची आहे.

आधी विषयाचा आवाका पाहू. लाँगिट्युडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, म्हणजे लासी, हे भारतातल्या ४५ वर्षांवरच्या माणसांचं प्रचंड सर्वेक्षण आहे. त्याच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक माणसं होती. या सर्वेक्षणाचं भारतातलं मुख्य केंद्र मुंबईत देवनारला आहे: आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. याच अभ्यासातल्या चार हजारांहून अधिक ज्येष्ठांची स्मृती आणि बुद्धी यांची सविस्तर तपासणी झाली; त्या भागाला लासी-डॅड म्हणतात. त्यातून २०२३ मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

आता याच्या शेजारी मुंबईचा एक जुना अभ्यास ठेवून पाहावा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४० वर्षांवरच्या २४ हजारांहून अधिक मुंबईकरांची चाळणी झाली होती, आणि ६५ वर्षांवरच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के निघालं होतं. दोन दशकांत आजार तिपटीनं वाढला, असा निष्कर्ष वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभेल, पण तो काढता येत नाही. एक पाहणी एका महानगराची, दुसरी देशभराची. वयोगट वेगळे, चाचण्या वेगळ्या, निदानाची रीतही वेगळी. शिवाय खेडी हिशेबात आली की आकडा बदलणारच. हा फरक कुठून आला, हे नीट उलगडून दाखवणं हाच बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या किंवा सामुदायिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी एक उत्तम छोटा प्रकल्प आहे. त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. प्रसिद्ध झालेले शोधनिबंध गोळा करायचे आणि प्रत्येकानं काय मोजलं, कसं मोजलं याचा तक्ता मांडायचा.

लासीची माहिती संशोधकांना अर्ज करून मिळते. कोणत्या कामासाठी हवी ते लिहून द्यावं लागतं आणि वापराचे नियम पाळावे लागतात. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना सोबत घेऊन अर्ज केला तर काम सोपं होतं. मेंदूच्या प्रतिमांवर काम करायचं असेल तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी खुला केलेला ओएसिस हा संग्रह आहे. संगणकशास्त्राचे अनेक विद्यार्थी त्यावर काम करतात. मात्र इथे एक सावधगिरी हवी. त्या संग्रहातल्या प्रतिमांवर संगणकाला शिकवून ९५ टक्के अचूकता मिळवल्याचे प्रकल्प अभियांत्रिकीच्या वर्गांत दरवर्षी तयार होतात. त्यांतले बरेच फसवे असतात, कारण एकाच माणसाच्या प्रतिमा शिकवण्याच्या गठ्ठ्यातही असतात आणि परीक्षेच्या गठ्ठ्यातही. ही चूक टाळून मिळालेली ७० टक्के अचूकता अधिक मोलाची.

भाषेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथे जरा थांबावं लागेल.

स्मृतिभ्रंशाचं निदान रक्ताच्या एका चाचणीवर होत नाही. माणसाला प्रश्न विचारले जातात, शब्द लक्षात ठेवायला सांगितले जातात, चित्रं ओळखायला दिली जातात. हे प्रश्न ज्या समाजात तयार झाले तो समाज शिकलेला आणि इंग्रजी बोलणारा होता. हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखली आणि १९९५ मध्ये हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी प्रसिद्ध केली. ती मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन या इंग्रजी चाचणीवरून बेतली होती. मूळ चाचणीत ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचून तसं करायचं होतं. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी ते बदलून, समोरचा करतो तसं करा, असं झालं. वाक्य लिहून दाखवण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही बोला, असं झालं. एवढा साधा बदल केला नसता तर न शिकलेल्या कित्येक धडधाकट आज्या आजारी ठरल्या असत्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, पुढे अनेक केंद्रांना एकत्र आणून भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा एक संच तयार केला. सुरुवातीच्या भाषा पाच होत्या: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. काही चाचण्यांच्या मराठी आवृत्त्या वापरात आहेत, पण प्रमाण मराठी आणि मेळघाटातल्या, कोकणातल्या किंवा सोलापूरच्या सत्तर वर्षांच्या माणसाचं बोलणं यांत मोठं अंतर आहे. एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगा, हा जगभर वापरला जाणारा प्रश्न घ्या. शेतकरी बाई कोणते प्राणी आधी सांगेल? गाय, बैल, खोंड, कालवड ही एक मोजायची की चार? ‘प’पासून सुरू होणारे शब्द सांगा म्हटलं, तर बाराखडीतला ‘पि’ आणि ‘पु’ चालतील का, आणि शाळेत न गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे का? वेगवेगळ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या निरोगी माणसांची उत्तरं नोंदवून त्यांचा पट मांडणं, हे भाषाविज्ञान किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका वर्षाच्या प्रकल्पात जमण्यासारखं आहे. यात रुग्ण लागत नाहीत. निरोगी माणूस किती आठवतो हे माहीत असल्याशिवाय आजारी माणूस किती विसरला ते ठरवता येत नाही, म्हणून हे पायाभूत काम आहे.

एकाहून अधिक भाषा बोलण्याचा प्रश्नही इथलाच. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ३९१ दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते, आणि त्यांच्यात आजाराची सुरुवात एकभाषिक रुग्णांपेक्षा साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली. २०१३ मध्ये हा निबंध ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. कॅनडातल्या टोरांटोमध्येही आधी असंच आढळलं होतं, पण तिथले बरेच बहुभाषिक परदेशातून स्थलांतरित झालेले, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा हे सांगणं अवघड होतं. हैदराबादेत ती अडचण नव्हती. शिवाय निरक्षर रुग्णांमध्येही तो फरक दिसला, म्हणजे हे केवळ शिक्षणाचं फळ नव्हे. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड असं आयुष्य सोलापुरात सहज सापडतं. नागपूर, बेळगाव, पणजी इथेही भाषांची अशीच सरमिसळ आहे. हैदराबादचा अभ्यास दवाखान्यातल्या जुन्या नोंदींवर झाला, हे वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यानं खास लक्षात ठेवावं. आपल्या रुग्णालयातल्या नोंदींत रुग्ण किती भाषा बोलतो ही माहिती लिहिलेली तरी असते का, एवढंच आधी तपासावं. नसेल, तर ती लिहायला सुरुवात करून देणं हेही मोठं काम आहे.

प्रयोगशाळेतच काम करायचं असेल तर त्यासाठीही लांब जावं लागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदिप्त मैती यांच्या गटानं अल्झायमर या स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या आजाराशी जोडलेल्या अमायलॉइड बीटा या प्रथिनाच्या गुठळ्या कशा बनतात यावर दीर्घकाळ काम केलं आहे. आयआयटी मुंबईत समीर माजी यांची प्रयोगशाळा चुकीच्या घड्या पडणाऱ्या प्रथिनांवर काम करते. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी यांचा गट मेंदूतल्या पेशींच्या जोडांची संगणकीय प्रारूपं बनवतो. गणित आणि भौतिकशास्त्र आवडणाऱ्या, पण प्राणी कापणं नको वाटणाऱ्या मुलांसाठी ही वाट चांगली. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात टी. गोविंदराजू यांचा गट अल्झायमरवरचे रेणू शोधतो. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरच्या दहा हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याच्या उद्देशानं अभ्यास करत आहे. ग्रामीण स्मृतिभ्रंशात रस असलेल्यानं त्याचे निबंध वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अशा संस्थांत प्रवेश मिळवण्याचे रस्ते ठरलेले आहेत. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. ती साधारण दोन महिन्यांची असते, देशभरातल्या मार्गदर्शकांतून निवड करता येते, आणि अर्जात स्वतःला काय करायचं आहे ते लिहावं लागतं. शिक्षकाचं शिफारसपत्रही लागतं. अर्ज बहुधा दिवाळीच्या आसपास मागवले जातात, म्हणजे उन्हाळ्याची तयारी पावसाळ्यातच करायची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वतंत्र उन्हाळी कार्यक्रम आहे, तसाच जवाहरलाल नेहरू केंद्राचाही. पात्रतेच्या अटी दर वर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. आपल्याच महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांत पूर्ण होईल असा प्रस्ताव द्यायचा, मंजूर झाल्यावर काम करून अहवाल पाठवायचा. अहवाल स्वीकारला गेला की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र मिळतं. अनेक प्रस्ताव इथेच गळतात, कारण दोन महिन्यांत न मावणारे प्रश्न विचारलेले असतात. ‘पुण्यातल्या ज्येष्ठांमधील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण व कारणे’ हा प्रस्ताव मोठ्या संस्थेलाही पाच वर्षं पुरेल. ‘आमच्या रुग्णालयाच्या मधुमेह बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या साठीपुढच्या रुग्णांना स्मरणाच्या तक्रारींबद्दल कधी विचारलं जातं का?’ याचं उत्तर मात्र दोन महिन्यांत मिळतं. मधुमेह, उच्च रक्तदाब, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, धूम्रपान, कमी शिक्षण, हवेचं प्रदूषण अशा १४ बदलता येण्याजोग्या कारणांची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये दिली आहे. ती सगळी कारणं हाताळता आली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. कान तपासणं, श्रवणयंत्र कपाटात का पडून राहतं ते विचारणं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कोण का टाळतं ते पाहणं, यांतला एकेक विषय नर्सिंगच्या किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्याला पुरेसा आहे.

चार वर्षांच्या पदवीनं आणखी एक दार उघडलं आहे. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं, आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. गावातल्या महाविद्यालयात मेंदूविज्ञानाचा प्राध्यापक नसेल, पण मानसशास्त्राचा, मराठीचा किंवा संख्याशास्त्राचा असतो. जिल्हा रुग्णालयातला मनोविकारतज्ज्ञ सहमार्गदर्शक म्हणून मिळाला तर प्रकल्प भक्कम होतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धाही सोडू नये. तिच्यात मानव्यविद्या आणि भाषांपासून वैद्यक व औषधनिर्माणशास्त्रापर्यंत सहा विभाग आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो. परीक्षकांसमोर काही मिनिटांत आपलं काम मांडण्याची सवय पुढे प्रत्येक मुलाखतीत कामाला येते.

काम सुरू करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी हवीच. हा कागदी सोपस्कार नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण संमती देतो तेव्हा त्याला नेमकं काय समजलं आहे, हा या क्षेत्रातला कळीचा प्रश्न आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जो स्वतः संमती देऊ शकत नाही त्याच्या वतीनं कायदेशीर प्रतिनिधी ती देतो. पण रुग्णानं मान फिरवली, उठून जायला लागला, तर तिथेच थांबायचं, मग घरच्यांनी कितीही आग्रह धरो. नोंदींवर आधारलेल्या अभ्यासालाही समितीसमोर जावं लागतं. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, त्यामुळे प्रस्ताव परीक्षेआधीच देऊन ठेवावा. चाचण्यांचे हक्कही तपासावेत. मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही प्रसिद्ध चाचणी हक्कसंरक्षित आहे, आणि मोकासारख्या चाचणीसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. इंटरनेटवर सापडलेला कागद छापून गावात वाटणं हे संशोधन नव्हे.

आणि प्रश्नावली हातात असलेल्या वीस वर्षांच्या मुलानं कुणाच्याही घरात निदान सुनवू नये. तो अधिकार त्याचा नाही. गुण कमी आले तर कुटुंबाला डॉक्टरांकडे कसं पाठवायचं, हे प्रकल्प सुरू होण्याआधीच ठरलेलं असावं. ज्या घरात आजी किंवा आजोबा स्वतः आजारी आहेत अशा विद्यार्थ्याला या विषयाची ओढ सर्वांत जास्त असते, आणि त्याचं मनही सर्वांत आधी थकतं. मार्गदर्शकाला हे मोकळेपणानं सांगावं. आपल्याच घरच्या माणसाला अभ्यासात घेऊ नये.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवण्याची पद्धत सोडावी. ज्यांना लिहायचं त्यांचा एक निबंध नीट वाचावा, त्यातली न समजलेली एक गोष्ट विचारावी, स्वतःला काय येतं आणि कोणते दोन महिने मोकळे आहेत ते सांगावं. पत्र तेवढंच, दहा-बारा ओळींचं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करावी. पैसे घेऊन ‘संशोधन इंटर्नशिप’चं प्रमाणपत्र देणाऱ्या आणि पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या जाहिरातींपासून चार हात लांब राहावं, कारण अशा कागदांना निवड समितीसमोर किंमत नसते, आणि पुढे ते अंगावरही येतात.

या सगळ्याच्या आधी करण्यासारखी एक गोष्ट आहे. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते आणि अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्थाही या रुग्णांसाठी काम करतात. आपल्या शहरातल्या अशा एखाद्या केंद्रात आठवड्यातून एक दुपार स्वयंसेवक म्हणून जावं. रुग्णाच्या मुलीला, सुनेला, नवऱ्याला खरी अडचण कशाची आहे ते ऐकावं. रात्रीची झोप, आंघोळीला नकार, पैशांवरून संशय, बाहेर निघून जाणं, असे प्रश्न तिथे समोर येतात, आणि त्यांतल्या फार थोड्यांवर मराठीत कुणी व्यवस्थित अभ्यास केला आहे. ऐकलेलं त्याच दिवशी वहीत लिहावं, कुणाचंही नाव न टाकता. महिन्याभरानं ती वही घेऊन आपल्या प्राध्यापकांकडे जावं आणि यांतला कोणता प्रश्न दोन महिन्यांत सुटेल ते विचारावं.